आकडा कुठून आला, हे शाळेत कळायला हवे

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात अव्वल आल्याची बातमी आता कोणालाही नवी वाटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे वेगळे विभागीय मंडळ २०१२च्या सुमारास कामाला लागले आणि तेव्हापासून हा मान कोकणाकडे राहत आला आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि कोकणाचा ९८.८२ टक्के. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावात मी विज्ञान आणि गणित शिकवते, त्यामुळे या टक्क्यांमागचे कष्ट मी जवळून पाहते. भर पावसात साकव ओलांडून येणारी मुले, मुंबईत राबून घरी पैसे पाठवणारे वडील, आणि परीक्षेच्या आधी सकाळ-संध्याकाळ जादा तास घेणारे माझे सहकारी, हे सगळे त्या आकड्यात आहे. त्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही गेली काही वर्षे एक प्रश्न मला सोडत नाही. या टक्क्यांनी आपण मुलांमधले नेमके काय मोजतो?

दहावीच्या प्रश्नपत्रिकेतील बहुतेक प्रश्नांची स्वीकारार्ह उत्तरे आज मोबाइलवरचा चॅटजीपीटीसारखा कोणताही संभाषण-कार्यक्रम काही क्षणांत आणि शुद्ध मराठीत लिहून देतो. २०२२च्या अखेरीस अशी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली, त्यानंतर गृहपाठाच्या वह्यांमध्ये पडलेला फरक प्रत्येक शिक्षकाने पाहिला आहे. यावर दोन उपाय सुचवले जातात. एका बाजूला मोबाइलवर बंदी आणा असे म्हणणारे आहेत, आणि दुसऱ्या बाजूला शाळेत टॅब, डिजिटल फळा, कोडिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे नवे विषय आणा असे म्हणणारे. दोन्ही बाजू यंत्र वर्गात असावे की नसावे यावरच भांडतात. ज्या समाजात पावलापावलावर यंत्राने दिलेल्या आकड्यावर निर्णय होतात, त्या समाजात जगायला मुलाला काय यावे लागते, हा प्रश्न तसाच राहतो. माझे म्हणणे असे आहे की समोर आलेला आकडा कुठून आला, कसा मोजला गेला आणि तो आपल्या जागी कितपत लागू पडतो, हे तपासून पाहण्याची क्षमता देणे हे यापुढे शाळेचे मुख्य काम मानले पाहिजे.

यंत्र वापरायला शिकवणे हे ते काम नव्हे. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतल्या मुलांसाठी खुला ठेवला, तो प्रयोग अनेकांना ठाऊक असतो. त्याच प्रयोगाचा पुढचा टप्पा आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या काही गावांतही झाला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मुले कोणी न शिकवता, एकमेकांचे पाहून संगणक हाताळायला शिकतात, एवढे त्या प्रयोगांतून नक्की दिसले. आज आमच्या गावातले पहिलीतले मूल आजीच्या मोबाइलवर हवे ते शोधून काढते. जे मूल स्वतः शिकते, त्यासाठी शाळेने तासिका खर्च करण्याचे कारण नाही. पडद्यावर जे आले त्यावर कितपत विसंबायचे, हे मात्र कोणी आपोआप शिकत नाही. मोठी माणसेसुद्धा शिकलेली नाहीत, हे गावातल्या कोणत्याही व्हॉट्सअॅप समूहावर पाहता येते.

किनाऱ्यावरचे आमचे जगणे आज किती प्रमाणात अशा आकड्यांवर चालते, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना प्रसिद्ध करते. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोलीवर मासळी मिळण्याचा संभव आहे, हे अक्षांश-रेखांशांसह त्यात दिलेले असते. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ते आकडे जीपीएसवर टाकतो आणि निघतो. या सूचनेच्या मुळाशी जे विज्ञान आहे ते नववीच्या मुलाला पूर्ण समजण्यासारखे आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान अवरक्त किरणांवरून काढतो आणि पाण्याच्या रंगावरून त्यातल्या हरितद्रव्याचे प्रमाण ठरवतो. जिथे थंड आणि उबदार पाणी एकमेकांना भिडते तिथे पोषक द्रव्ये वर येण्याचा संभव असतो, तिथे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, त्यांच्या मागे तारली आणि बांगडा येतो, आणि त्यांच्या मागे सुरमई. म्हणजे उपग्रहाला मासा दिसत नाही, माशाच्या अन्नाची खूण दिसते. आकाश ढगाळ असेल तर तीही दिसत नाही, कारण हे किरण ढगांतून पार होत नाहीत.

एवढे ज्याला कळले, त्याला सूचना चुकली तर ती का चुकली याचा विचार करता येतो. ज्याला कळले नाही, त्याच्यापुढे ‘सरकार सांगते म्हणून जायचे’ किंवा ‘ते सगळे खोटे असते’ एवढे दोनच पर्याय उरतात. आमच्या वर्गात अक्षांश-रेखांश भूगोलात येतात, अन्नसाखळी विज्ञानात येते, प्रकाशाचे वर्णपट भौतिकशास्त्रात येतात, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी जीपीएस असते. या चार गोष्टी वर्षभरात एकदाही एकत्र येत नाहीत. मुलाच्या मनात शाळेचा समुद्र वेगळा आणि वडिलांचा समुद्र वेगळा राहतो.

बागायतदारांच्या घरची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथे आकड्यावर थेट पैसे ठरतात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्याच्या नुकसानीची भरपाई प्रत्यक्ष झाडावर किती फळ गळले यावरून ठरत नाही. अवेळी पाऊस, जास्त किंवा कमी तापमान, वेगाचा वारा यांची नोंद महसूल मंडळासाठी, म्हणजे काही गावांच्या गटासाठी, नेमलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रात किती झाली, आणि ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे ठरलेले दिवस राहिली का, यावरून ती ठरते. एका मंडळात खाडीकाठचे गाव असते आणि कातळाच्या सड्यावरचे, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचेही असते. दोन्हीकडे दुपारचे तापमान सारखे नसते, हे सड्यावर अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मोहोर करपला आणि केंद्रातला आकडा मर्यादेच्या आत राहिला, की वाद होतो. आणि त्या वादात बागायतदाराजवळ संतापाखेरीज काही नसते. त्याच्याजवळ स्वतःची नोंद नसते. तापमापक जमिनीपासून ठरावीक उंचीवर, ऊन थेट पडणार नाही पण हवा खेळती राहील अशा झडपांच्या पेटीत ठेवून, रोज ठरलेल्या वेळी वाचून ठेवलेली नोंदवही जर गावातल्या शाळेत दहा वर्षांची असती, तर त्या बोलण्याला वजन आले असते. ती नोंद कायद्याने ग्राह्य धरली जाईल असे मी म्हणत नाही. पण दोन आकडे समोर ठेवून ‘हा फरक का?’ असे विचारणारा माणूस आणि नुसता ‘अन्याय झाला’ म्हणणारा माणूस यांत फरक आहे, आणि पहिला माणूस घडवणे शाळेला शक्य आहे.

अशा शिक्षणासाठी लागणारे साहित्य आपल्या किनाऱ्यावर भरपूर आहे. त्यातले मला सर्वांत आवडणारे उदाहरण जरा सविस्तर सांगते. भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा जुना ठोकताळा असा आहे की त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. ज्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते तिला हे तोंडी करता येत असे. आता हा ठोकताळा वर्गात घ्यावा आणि मुलांना विचारावे की पाऊणपटच का? चंद्राच्या एका महिन्यात तीस तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळात चोवीस तास पुढे सरकून पुन्हा जागेवर येते. म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटे. ठोकताळा मात्र ४५ मिनिटे धरतो. तिथीगणिक तीन मिनिटे मागे पडत पंधराव्या तिथीला हिशेब सव्वाअकरावर येतो, आणि खरे तर तो बारावर यायला हवा. पाऊण तासाची ही चूक जुन्या लोकांनी का चालवून घेतली असेल? तोंडी हिशेब सोपा राहतो म्हणून, आणि पौर्णिमा-अमावास्येला मोजणी नव्याने सुरू करून चूक पुसली जाते म्हणून.

यानंतर मुलांना जेटीवर न्यावे, तिथल्या खांबावर मापे आखून घ्यावीत, आणि महिनाभर पाळीपाळीने भरतीची वेळ आणि पाण्याची पातळी लिहून काढायला सांगावे. वहीत पहिल्या रकान्यात ठोकताळ्याची वेळ, दुसऱ्यात जेटीवर पाहिलेली आणि तिसऱ्यात मोबाइलवर मिळणाऱ्या वेळापत्रकातली वेळ लिहावी. तिन्ही रकाने एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि खरे शिक्षण तिथेच सुरू होते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे वेंगुर्ल्याची वेळ अलिबागच्या आधी येते आणि उत्तरेकडे जावे तशी भरतीची उंचीही वाढते. खाडीच्या आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. वाऱ्याने पाणी चढते. मोबाइलवरचे वेळापत्रक कोणत्या बंदरासाठी काढलेले आहे, हेही तपासावे लागते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला, चुका सारख्याच येतात का, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. अचूक उत्तर म्हणजे काय, उपयोगी उत्तर म्हणजे काय, आणि किती चूक चालते हे कोणत्या कामावर अवलंबून असते, या सगळ्या गोष्टी एका नोंदवहीतून कळतात. होडी गाळातून बाहेर काढायची असेल तर पाऊण तासाची चूक चालत नाही; शिंपल्या वेचायला जायचे असेल तर चालते.

कोडिंगही इथे आपसूक येते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण आज शिकवताना पडद्यावर मांजर चालवणे किंवा परदेशी नमुन्यातला खेळ तयार करणे एवढ्यावर ते थांबते आणि मुलांना तो आणखी एक पाठ करायचा विषय वाटू लागतो. पाऊणपटीचा नियम संगणकाला चार ओळींत सांगता येतो. त्यात ४५च्या जागी ४८ घालून पाहता येते, आपल्या बंदराचा फरक मिळवता येतो, आणि महिनाभराच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून कोणता नियम जास्त जवळ जातो ते पाहता येते. ज्या मुलीने हे एकदा केले, तिला हे कायमचे कळते की संगणकाच्या आत कोणीतरी माणसाने ठरवलेला नियम असतो, तो नियम कुठल्या तरी नोंदींवरून बसवलेला असतो, आणि त्या नोंदी दुसऱ्या जागेच्या असतील तर उत्तरही दुसऱ्या जागेचे येते. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी शालेय वयात कळायला हवे ते मुख्यतः एवढेच आहे. ही साधने ज्या मजकुरावर घडवली जातात त्यात आपल्या भाषेचा वाटा थोडा आहे आणि आपल्या खाड्या, सडे, मासळी, भातखाचरे यांचा त्याहूनही थोडा. त्यामुळे आपल्याबद्दलचे उत्तर आत्मविश्वासाने पण चुकीचे येण्याची शक्यता अधिक राहते, आणि ते ओळखू शकणारा माणूस इथेच असावा लागतो.

माहिती मोबाइलवर आहे, तेव्हा पाठांतर संपले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्राचे उत्तर संशयास्पद आहे हे लक्षात येण्यासाठी डोक्यात आधी काहीतरी असावे लागते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे ज्याला पाठ आहे त्याला शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसात तीन लाख लिटर पाणी पडते हे कागदाशिवाय सांगता येते, आणि मग त्याच गावात मे महिन्यात टँकर का येतो, हा प्रश्न त्याला बोचू लागतो. पाढे, मोजमापांचे अंदाज, नकाशा, आपल्या भाषेत नीट लिहिता-वाचता येणे, हा पाया जितका पक्का, तितकी यंत्राची परीक्षा घेण्याची ताकद अधिक. प्राथमिक वर्गांतून पडदे जितके कमी असतील तितके बरे, असे माझे मत होत चालले आहे.

हाताने काम करत शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा, आरोग्य या क्षेत्रांतली गावाच्या उपयोगाची खरी कामे करत तंत्रज्ञान शिकण्याचा त्यांचा अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोचला. यांपैकी पाबळचा विचार मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिथे मुलांनी केलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी लागते आणि म्हणून ती मोजून-मापून करावी लागते. पण बहुतेक शाळांत कार्यानुभव म्हणजे कागदी फुले आणि वर्षाअखेरीस वहीवर सही, एवढेच उरले. त्याचे कारण शिक्षकांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे आहे. जे परीक्षेत विचारले जात नाही, ते शाळेत टिकत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी परीक्षेविषयी आहे. दहावीला बहुतेक विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण अंतर्गत किंवा प्रात्यक्षिक मूल्यमापनाचे असतात. हे वीस गुण आज जवळपास सर्वांना जवळपास सारखेच मिळतात, हे सर्व शिक्षकांना माहीत आहे. नवा विषय, नवे पुस्तक, नवे यंत्र काहीही न आणता हे वीस गुण विद्यार्थ्याने वर्षभर स्वतः केलेल्या एका नोंदीला देता येतील. विहिरीची पातळी, पाऊस, भरती, आंब्याच्या मोहोराची तारीख, मासळीच्या लिलावातला भाव, यांतले काहीही चालेल. शेवटी मुलाने पाच मिनिटे उभे राहून आकडे कसे घेतले, कुठे चुकले असतील आणि दुसऱ्या कोणत्या आकड्याशी ताडून पाहिले, एवढे सांगायचे. मोबाइलने अहवाल लिहून दिला तरी हरकत नाही, कारण मोबाइल रोज सकाळी सात वाजता विहिरीवर जात नाही, आणि तिथे गेलेले मूल चार प्रश्नांत ओळखू येते.

दुसरी मागणी शिक्षकाच्या वेळेची आहे. तंत्रज्ञानाने शाळेत सर्वांत आधी काय केले असेल, तर शिक्षकाला माहिती भरणारा कारकून केले. विद्यार्थ्यांची, पोषण आहाराची, इमारतीची, प्रशिक्षणाची माहिती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर पुन्हा पुन्हा भरायची, आणि तीही रेंज येईल त्या जागी जाऊन. कोकणातल्या वाड्यावाड्यांवर दोन शिक्षकी प्राथमिक शाळा आहेत, जिथे एक शिक्षक दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतो. त्याचा एक दिवस अशा कामात गेला तर निम्मी शाळा बंद राहते. या शाळांतला पट घटतो आहे, म्हणून त्या मिटवून मोठ्या समूह शाळा कराव्यात असा विचार २०२३ पासून पुढे येतो आहे. मोठ्या शाळेत साधने चांगली मिळतील हे खरे आहे. पण पावसाळ्यात वहाळ ओलांडून दुसऱ्या गावी जाणारे सहा वर्षांचे मूल किती दिवस जाईल, आणि विशेषतः मुलगी किती दिवस पाठवली जाईल, हा प्रश्न साधनांपेक्षा मोठा आहे. शिवाय नोंद ठेवण्याचे काम लहान शाळेतच चांगले होते. वीस मुलांची शाळा एका वेळी विहिरीवर जाऊ शकते, चारशे मुलांची जाऊ शकत नाही.

तज्ज्ञांची उणीवही आपल्याला पडण्याचे कारण नाही. राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याची तरतूद आहे. त्या दहा दिवसांत एक दिवस तांडेलाने, एक दिवस कलमे बांधणाऱ्याने, एक दिवस पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याने शिकवावे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय या आपल्या दारातल्या संस्था आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा शाळांच्या नोंदी तपासून द्याव्यात, एवढे झाले तरी मुलांना आपण खरे काम करतो आहोत असे वाटेल.

आमच्या शाळेत पुढच्या जूनपासून पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक आणि जेटीवरची मोजपट्टी यांची नोंदवही सुरू करायचे ठरले आहे. पर्जन्यमापक आठवीच्या मुलांनी बाटली कापून तयार केला आहे, आणि तो किती चुकतो हे पाहण्यासाठी विकतचाही एक शेजारी बसवणार आहोत. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की ऑगस्टमधल्या नारळी पौर्णिमेला आपापल्या बंदरावर पूर्ण भरती नेमकी किती वाजता होते, एवढे मुलांकडून लिहून घ्यावे. दहा-बारा बंदरांच्या वेळा हाती आल्या, तर भरती वेंगुर्ल्याहून श्रीवर्धनला किती वेळात पोचते, हे आठवीचा वर्ग स्वतः काढू शकेल.